नावासकट गाणं

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाने काय सांगायचं असतं, ते आमच्या कराडात ठरलेलं आहे. रस्ते गुळगुळीत आहेत, नळाला चोवीस तास पाणी आहे आणि सून नोकरी करूनही गरम पोळी वाढते. मी यातलं काहीच सांगत नाही, म्हणून संध्याकाळी घाटावर जमणारी आमची मंडळी माझ्यावर नाराज आहेत. पण माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते असं, की मी चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या, जन्मभर शाकाहारी राहून डुकराच्या हाडावर शिजलेली भाजी दोनदा मागून खाल्ली आणि एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंपुढे गृहपाठ न केलेल्या पोरासारखा गप्प बसलो. हे सगळं चार दिवसांत झालं.

आधी माझी ओळख करून देतो. एका हायस्कुलात मी चौतीस वर्षं संगीत शिकवलं. म्हणजे पी.टी.चे सर रजेवर गेले की त्यांचा तास मला मिळायचा आणि परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताच्या सरांना मिळायचा. उरलेल्या वेळात तबला शिकवला आणि गणपतीत ढोलकी वाजवली. माझा मुलगा मंदार मिशिगनमधल्या ॲन आर्बरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची मुलगी सई तिथेच जन्मली आणि तिथल्याच विद्यापीठात शिकते. ती एकवीस वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र अर्धंच मराठीत येतं.

गुरुवार, ॲन आर्बर

ऑक्टोबर महिना होता. झाडं लालभडक झाली होती आणि मी स्वेटरवर स्वेटर चढवून बसलो होतो. विद्यापीठातली पोरं मात्र अर्ध्या चड्डीत सायकली मारत होती. त्यांच्या आया जवळ नसतात, दुसरं काय!

मंदार म्हणाला, "बाबा, सईला मिसिसिपीला जायचंय. ती एकटी ड्राइव्ह करणार. मला रिलीज आहे, हिला ऑडिट आहे. तुम्ही जस्ट सोबत जा ना."

"तिथे काय आहे?"

"तिच्या मिस लॉरेटा आहेत. ट्रिप कॅन्सल करायला लावली तर ती माझ्याशी बोलणार नाही, यार."

बापाला यार म्हणायची पद्धत तिकडे गेल्यावर लागते. मी तयार झालो.

मिस लॉरेटा कोण, ते मला गाडीत कळलं. तिकडच्या काळ्या समाजात वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, मग तिला नातवंडं का असेनात. आपल्या मावशीसारखंच ते. या बाई मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखातल्या. लहानपणी आईबापांबरोबर उत्तरेला डेट्रॉइटला आल्या, मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली आणि दर रविवारी चर्चमध्ये गायल्या. सई एका अभ्यासासाठी त्यांची जुनी गाणी रेकॉर्ड करायला गेली, ती दोन वर्षं दर शनिवारी शिकायलाच जात राहिली. या वसंतात बाई आपल्या मूळ गावी परतल्या. आता तिथल्या चर्चचा वर्धापनदिन होता आणि त्यांनी सईला निरोप पाठवला होता, की माझा आवाज आता वरच्या सुराला जात नाही, तर माझ्या आईचं गाणं या वर्षी तू म्हण.

"मग म्हणणार ना?" मी विचारलं.

"आय सेड आय विल कम. गाईन असं नाही म्हटलं."

कॉलेजातली एक मैत्रीण तिला म्हणाली होती, की हे गाणं तुझं नाही. तेव्हापासून सईच्या गळ्यातून ते गाणं बाहेर येत नव्हतं.

"आबा, ही गाणी शेतात राबणाऱ्या गुलामांची आहेत. माझे पेरेंट्स सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आय मीन, हू ॲम आय?"

"तू सई. सुराला पक्की आहेस."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर!"

"गाण्यावर काय कुणाचं नाव कोरलेलं असतं? ज्याच्या गळ्यात बसलं त्याचं."

मी हे अगदी ठासून सांगितलं. चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ठासून सांगायची सवय असते.

शुक्रवार, मेम्फिस

मधला प्रवास वगळतो. त्यात मका, पेट्रोल पंप आणि पुन्हा मका एवढंच होतं.

मेम्फिस हे मोठ्या नदीकाठचं मोठं शहर. तिथे फुटपाथवर गिटार घेऊन बसलेला माणूससुद्धा आपल्याकडच्या रेडिओवरच्या कलाकारापेक्षा लयदार वाजवतो. सईने मला जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने दोन तबकड्या काढून दिल्या. पहिलीवर एका काळ्या बाईचा आवाज होता. सोबतीला एक गिटार होती आणि लाकडी जमिनीवर पाय आपटल्याचा ठेका होता. आवाज पूर्ण लावलेला, कुठे कुठे फाटलेला, पण सूर असा की मी खुर्चीवर सरसावून बसलो. दुसरीवर तेच गाणं होतं. कव्हरवर चापून भांग पाडलेला एक देखणा गोरा गायक आणि त्याच्यामागे दहाबारा वाद्यं. हे दुसरं मला ओळखीचं वाटलं. ही चाल आमच्या तरुणपणी एका हिंदी सिनेमातही येऊन गेली होती, तेव्हा ती संगीतकाराला पहाटे सुचली होती म्हणे.

सई मला समजावत होती. शेतात काम करताना एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, तिथून हे सुरू झालं. तेच रविवारी चर्चमध्ये देवासाठी आणि शनिवारी गुत्त्यात स्वतःसाठी गायलं गेलं. मग लोक कारखान्यांसाठी उत्तरेला गेले आणि गाणीही बोचक्यात घालून घेऊन गेले. मग रेडिओवर गोऱ्या पोरांनी ती ऐकली, उचलली आणि जगभर नाचवली.

"तुझ्या कानातल्या बोळ्यांत वाजतं तेही यातलंच?"

"ऑलमोस्ट एव्हरीथिंग, आबा."

"मग या पहिलीला काय मिळालं?"

सईने दुसरी तबकडी माझ्यापुढे धरली. मधल्या गोल कागदावर गाण्याच्या नावाखाली, जिथे ते रचणाऱ्याचं नाव असतं, तिथे एकच शब्द छापला होता. "ट्रॅडिशनल. म्हणजे, यू नो, पारंपरिक."

मला माहीत होता तो शब्द. महिन्यापूर्वीच ॲन आर्बरच्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी ढोलकीवर माझा गाजलेला तोडा, म्हणजे बोलांची पक्की बांधलेली रचना, वाजवला होता. नागपूरच्या काकूंपासून क्युपर्टिनोहून आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळे उठून नाचले. हा कुणाचा म्हणून सूत्रसंचालकाने विचारलं, तेव्हा माइकवर मी म्हणालो होतो, "पारंपरिक आहे."

तबकडी दुकानदाराला परत दिली आणि जेवायला चल म्हणालो.

शनिवार, मिस लॉरेटांच्या गावी

दोन्ही बाजूंना नजर पोहोचेपर्यंत कापूस फुटलेला होता. एवढा कापूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्याकडे तो वाण्याच्या दुकानात पुडीत मिळतो आणि घरी त्याच्या वाती होतात. मी गाडी थांबवायला लावली, उतरलो आणि एक बोंड तोडायला गेलो, तर त्याच्या वाळलेल्या टोकाने बोट चांगलं ओरबाडलं.

मिस लॉरेटांच्या ओसरीवर पोहोचलो तेव्हा मी बोट चोखत होतो. त्या झुलत्या खुर्चीत बसल्या होत्या. किरकोळ बांधा, पांढरे केस आणि डोळ्यांत असा मिश्किलपणा, की आपल्या सगळ्या खोड्या यांना आधीच कळल्यात असं वाटावं. मी बायकोसाठी वातींना कापूस नेऊ का म्हणून विचारलं. सईने भाषांतर केलं.

बाई हसल्या. "न्या की. तुमच्या देवाला आमचा कापूस चालत असेल तर न्या. माझ्या आईची बोटं रोज अशी व्हायची. ती रोज पोतं भरायची, तुम्ही एकच बोंड तोडलंत."

जेवायला त्यांनी मक्याची पावासारखी भाकरी, तळलेली भेंडी आणि रुंद पानांची एक हिरवी भाजी केली होती. भेंडी आमच्या पूर्वजांबरोबर आफ्रिकेतून आली, असं त्या अभिमानाने सांगत होत्या. भेंडीवर आम्हा मराठी माणसांचाही हक्क आहे असं मला म्हणायचं होतं, पण तोंडात भेंडी होती. हिरवी भाजी मी दोनदा मागून घेतली. असा माठ आमच्याकडे कुणाला जमत नाही, म्हणालो. बाईंनी खूष होऊन गुपित सांगितलं आणि सई भाषांतर करायची थांबली.

"काय म्हणाल्या?"

"आबा, प्रॉमिस मी, चिडणार नाही. दे कुक इट विथ अ हॅम बोन. पोर्क."

मी पुढ्यातल्या ताटलीकडे पाहिलं. ती रिकामी होती. "तुझ्या आजीला यातलं काही कळता कामा नये," मी एवढंच म्हणालो. बाईंना अर्थ न सांगताच कळला आणि त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

जेवणानंतर त्यांनी सरळ विचारलं, "उद्या गाणार ना, बेबी?"

सईने मान खाली घालून मैत्रिणीचं बोलणं सांगितलं. मिस लॉरेटांनी खुर्ची झुलवणं थांबवलं.

"तुझी मैत्रीण मूर्ख नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातून पुष्कळ गाणी गेली. नेणाऱ्यांनी दार वाजवलं नाही. पण तुला हे मी दिलंय. दिलेलं ते तुझं. फक्त कुणी दिलं ते विसरलीस तर तूही त्यांच्यातलीच."

सईने रेकॉर्डवरच्या शब्दाचं त्यांना सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, "ट्रॅडिशनल? असल्या शब्दामागे कुणाची तरी आजी असते, बेबी. तिचं नाव विचारायला कुणी गेलं नाही, एवढंच."

मी मैफलीत बसल्यासारखी मान डोलावत होतो. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? सई सांगते की तुम्ही ढोल वाजवता. कुणी शिकवलं?"

मी कानाच्या पाळीला हात लावून गुरुजींचं नाव घेतलं. सई लहान असताना विचारायची, आबा, तुमचा कान सारखा का खाजतो? आता तिनेच बाईंना समजावलं, की आमच्याकडे गुरूचं नाव घेताना असं करतात, नाव घ्यायचीही आपली योग्यता नाही, माफ करा, अशा अर्थाने. बाईंना ते फार आवडलं. त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावून पाहिला.

"आबा, तो गणपतीवाला वाजवा ना!" सई म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर मी तोडा वाजवला. लाकूड चांगलं बोलत होतं. बाईंचा पाय हलायला लागला, खांदे हलायला लागले, शेवटची तिहाई पडली तेव्हा त्यांनी "येस सर!" म्हणून आरोळी दिली.

"हे तुमच्या गुरुजींचं?"

"नाही," मी म्हणालो. "हे पारंपरिक."

सईने निरागसपणे भाषांतर केलं. मिस लॉरेटा माझ्याकडे पाहत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "कुणाची आजी?"

मी गप्प बसलो. शेवटी मी सांगितलं, आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

मी नवा नवा नोकरीला लागलो होतो. यात्रेला तमाशाचा फड आला होता आणि शाळेमागच्या माळावर त्यांच्या राहुट्या होत्या. फडातला ढोलकीवाला नामा काय वाजवायचा! मी दुपारी किटलीत चहा घेऊन मागच्या बाजूने त्याच्या राहुटीत शिरायचो. हायस्कुलातले मास्तर तमाशाच्या राहुटीत बसतात हे हेडमास्तरांना कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. अकरा दुपारी त्याने मला हा तोडा शिकवला, बोटं धरून शिकवला. निघताना त्याने एकच मागितलं होतं. म्हणाला, "मास्तर, वाजवाल तवा लोकास्नी सांगा, नामाचा हाय म्हणून."

मी सांगतो म्हणालो. आणि कधीच सांगितलं नाही. गुरुजींचं नाव प्रतिष्ठेचं होतं, ते घेताना कानाला हात लावला की टाळी पडायची. तमाशातल्या माणसाचं नाव व्यासपीठावर घ्यायची मला लाज वाटली. नंतर लाज गेली, तोपर्यंत सवय लागली होती.

"नामा पुढे काय?" मिस लॉरेटांनी विचारलं.

मला त्याचं आडनाव माहीत नव्हतं. बापाचं नावही माहीत नव्हतं. बोटं धरून शिकवणाऱ्या माणसाला मी ते विचारलंच नव्हतं. मला त्या ओसरीवर स्वतःची मनापासून शरम वाटली आणि तसं मी बोलूनही दाखवलं. बाईंनी माझी समजूत घातली नाही. फक्त माझ्यासाठी गोड चहाचा आणखी एक पेला भरला.

सईने पर्समधून वही काढली. "मिस लॉरेटा, तुमच्या आईला हे गाणं कुणी शिकवलं?"

"दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या, "आज विचारलंस."

अंधार पडेपर्यंत दोघी लिहीत बसल्या. मी बोटाला हळद मागणार होतो, पण ती तिथे कुठून मिळायला.

रविवार, चर्च

चर्च म्हणजे शेताच्या कडेला पांढरी, लाकडी, आमच्या तालमीएवढी इमारत. बायकांच्या डोक्यांवर अशा टोप्या, की माझ्यापुढच्या बाईंच्या टोपीमुळे मला निम्मा देव दिसत नव्हता. आपल्याकडे प्रवचन चालू असताना कुणी मध्ये बोललं तर आजूबाजूचे डोळे वटारतात. इथे पाद्र्याच्या प्रत्येक वाक्याला दाद. "सांगा, सांगा!", "खरंय!" अशी. चांगल्या मैफलीत आम्ही काय वेगळं करतो? मला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि मी "क्या बात है!" म्हणून टाकलं. दोनचार टोप्या वळल्या आणि हसल्या.

मग गाणं सुरू झालं आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. समेवर, खणखणीत. माझी टाळी एकटीच पडत होती आणि बाकीच्या सगळ्यांची एकदम पुढच्या मात्रेला. मला वाटलं, आख्खं गाव तालाला कच्चं आहे. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या धिप्पाड बाईंनी हसत हसत माझी दोन्ही मनगटं धरली. पहिल्या मात्रेला धरून ठेवली, दुसऱ्याला सोडली. तिसऱ्याला धरली, चौथ्याला सोडली. चौतीस वर्षं पोरांच्या हातांवर ताल घोटवून घेणारा मी, तिथे हात धरून पहिलीत बसवला गेलो. पण एकदा टाळी बसल्यावर कळलं, की पहिली मात्रा ते पायाला देतात आणि हात मागाहून येतो. त्यामुळे माणूस जागचा हलल्याशिवाय राहूच शकत नाही. मीही हललो. आमच्या हेडमास्तरांनी पाहायला हवं होतं.

नंतर चर्चच्या आजवर वारलेल्या सगळ्या माणसांची नावं वाचली गेली, प्रत्येक नाव आडनावासकट. शेवटी, ज्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत ते सगळे, असं म्हणून क्षणभर सगळे थांबले. मला माहीत होतं कुणासाठी थांबायचं ते.

मिस लॉरेटा उठल्या नाहीत. त्यांनी नुसतं सईकडे पाहिलं. सई माझ्या शेजारी मांडीवर कालची वही धरून बसलेली होती. मी काही ठासून सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

ती उठली, पुढे गेली आणि तिने कानाच्या पाळीला हात लावला.

"कान दुखतोय का, बेबी?" पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं आणि चर्च हसलं. सईही हसली. त्या हसण्याने तिचा गळा मोकळा झाला असावा.

"हे गाणं मला मिस लॉरेटांनी दिलं," ती म्हणाली. "त्यांना त्यांच्या आईने, बर्थाने. बर्थाला तिच्या मावशीने, एस्थरने. एस्थरला जिने दिलं, तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तिलाही नमस्कार."

प्रत्येक नावाला तिने कानाला हात लावला आणि प्रत्येक नावाला चर्चने "येस!" म्हटलं. मग ती गायली. वरच्या सुरावर ती जरा हलली, तेव्हा पहिल्या रांगेतून मिस लॉरेटांचा थकलेला आवाज खालून आला आणि त्याने तिला उचललं. मी रडलो. शेजारच्या बाईंनी मला पर्समधला रुमाल दिला.

कराड

परत आल्यावर बायकोने त्या कापसाच्या वाती केल्या. हाडाच्या भाजीचं अजून तिला माहीत नाही, हे छापून येईपर्यंत तरी.

नंतर मी यात्रेच्या माळावर गेलो, जुन्या चहावाल्याला विचारलं, त्याने एका गावाचं नाव सांगितलं. तिथे नामाची मुलगी अंगणवाडीत मदतनीस आहे. नामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी माझी ओळख दिली तर ती उठून उभी राहिली.

"तुमीच का ते चहा आणणारे मास्तर? आमचा बापू साऱ्या गावाला सांगायचा, हायस्कुलातलं मास्तर माझा तोडा वाजिवत्यात. माझं नाव घिऊन वाजिवत्यात."

मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "आता घ्या की." आणि तिने माझ्या वहीत वडिलांचं पूर्ण नाव स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. ते मी फोटो काढून सईला पाठवलं, सईने पुढे पाठवलं.

दोन दिवसांनी मिसिसिपीहून आवाजाचा निरोप आला. मागे खुर्चीची कुरकुर ऐकू येत होती. मिस लॉरेटांनी आधी खाकरून घसा साफ केला, मग एक एक अक्षर जुळवत म्हणाल्या, "नामदेव सखाराम भिसे." उच्चार तीन ठिकाणी चुकला होता, पण नाव पूर्ण होतं.

फोन माझ्या एका कानाला होता. दुसऱ्या कानाला मी हात लावला.